चिंचेवरचे पाहुणे

शाळेच्या फाटकातून आत आला की तो आधी मला राम राम घालायचा नाही. डोक्याचा टॉवेल खांद्यावर टाकायचा, मान मागे करायचा आणि चिंचेच्या शेंड्याकडे आ वासून बघत राहायचा. वर बगळ्यांची घरटी आहेत, निदान तोंड तरी मिटा, हे मी त्याला दहा वेळा सांगितलं असेल. पण ऐकेल तो अध्यक्ष कसला! पुरतं बघून झालं की मग माझ्याकडे वळायचा. "राम राम सर. पाव्हना बठ्ठा घर शेतस." पाहुणे सगळे घरी आहेत, म्हणजे आता सभा सुरू करायला त्याची हरकत नसायची.

तापीकाठचं गाव. केळी, कपाशी, ऊस. मोठ्या शेतकऱ्यांची पोरं व्हॅनमध्ये बसून शहाद्याच्या इंग्रजी शाळेत जायची. आमच्या चौथीपर्यंतच्या जिल्हा परिषद शाळेत उरायची ती दुसऱ्याच्या वावरात राबणाऱ्यांची. हा त्यांतलाच. स्वतःचं दीड एकर, बाकी पाठीवर पंप बांधून लोकांच्या कपाशीवर फवारणी. मुलगी दुसरीत होती. शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष पालकांतूनच निवडावा लागतो, आणि ते लोढणं कुणालाच गळ्यात नको होतं. हा सभेला वेळेवर आला, एवढाच त्याचा गुन्हा. टाळ्या वाजवून आम्ही त्याला अध्यक्ष केलं आणि चहा पिऊन मोकळे झालो.

असे अध्यक्ष तुम्हीही पाहिले असतील. वर्षातून दोनदा झेंड्याला येतात, नारळ फोडतात, फोटोत मधोमध उभे राहतात. मला तसाच हवा होता, खरं सांगायचं तर. पण याने पद अंगाला लावून घेतलं. पूर्वी पालकसभेला चार माणसं यायची, त्यांतली दोन गणवेश कधी मिळणार हे विचारायला. हा सभेच्या दिवशी सकाळीच पंप पाठीवर घेऊन बांधाबांधाने फिरायचा. कुणी म्हणालं, आमचं तिथं काय काम, मास्तर बघतील, तर फवारणीची नळी तशीच हातात धरून त्याला सुनवायचा. "बैल लेवाना टाइमले दात मोजतस, आनि पोरगं शाळामा टाकीसन वळी बी दखतस नही!" माणसं हसायची आणि मागोमाग यायची. सहा महिन्यांत वऱ्हांडा भरायला लागला. मला सतरंज्या शेजारच्या अंगणवाडीतून मागवाव्या लागल्या.

आता त्या बगळ्यांचं. पावसाळा लागला की अंगणातल्या चिंचेवर ते घरटी करायचे. गायबगळे, ढोकऱ्या, सगळा गोतावळा. दिवसभर कलकल. खाली शीट, अर्धवट गिळलेले मासे आणि असा वास की खिचडी वाढणाऱ्या ताई पदर नाकाला लावूनच वावरायच्या. पोरांच्या ताटात वरून काही पडलं की वर्गात दोन दिवस तोच विषय. मी म्हणालो, फांद्या छाटू या. अध्यक्षाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी एखाद्या पोराला शाळेतून काढायला निघालोय.

"सर, बगळा वावरमातला गडी शे. नांगरमांगे चालस, अळ्या येचस. मजुरी मांगस नही, बिडी मांगस नही. मी औषध मारीमारी थकनू, त्याले इचारा कोन जास्ती मारस ते."

मग त्याने तोडगा काढला. प्रत्येक पालकाने घरून युरियाच्या दोन रिकाम्या गोण्या धुऊन आणायच्या. दोन दुपारी बाया वऱ्हांड्यात दाभणं घेऊन बसल्या, गाणी म्हणत गोण्या जोडल्या, आणि पुरुषांनी तो भलामोठा मांडव चिंचेखाली ताणून बांधला. वरचं सगळं मांडवावर. शनिवारी तो सोडायचा, झटकायचा आणि शीट खड्ड्यात टाकून पालापाचोळ्यात कुजवायची. त्या खतावर आमच्या परसबागेत अशी वांगी आली की खिचडीच्या ताई नाकावरचा पदर सोडून वांग्यांबद्दल बोलू लागल्या. एकदा केंद्रप्रमुख आले आणि मांडवाच्या बाहेर उभं राहून मला झापत असतानाच त्यांच्या पांढऱ्या शर्टावर वरून प्रसाद पडला. मी रुमाल शोधायला लागलो. अध्यक्ष मात्र टॉवेल पुढे करून म्हणाला, "सायेब, हाई खत शे. तुम्हले फुकट भेटनं." साहेब हसले. मला तो माणूस तेव्हा हेवा वाटावा इतका आवडला होता.

तो शिकलेला नव्हता. पहिल्या सभेला अंगठाच उठवला. मग दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या मुलीने त्याला पाटीवर सही शिकवली. पुढच्या सभेला शाईचा डबा त्याच्यापुढे सरकवला तर त्याने तो उलट्या हाताने दूर केला, पेन मागितलं आणि जीभ दाताखाली धरून, एकेक अक्षर मनात म्हणत, सही केली. मुलगी शेजारी उभी राहून तपासत होती. त्यानंतर प्रत्येक वेळी सही करायची तर तो मुलीला वर्गातून बोलावून घ्यायचा. मी म्हणायचो, अहो अध्यक्ष, तिचा तास बुडतोय. "मन्ही बी शाळा शे ना, सर," म्हणायचा.

आणि याच सहीशी मी जे केलं ते आता सांगतो, कारण न सांगता बरीच वर्षं गेली.

आमच्याकडे एक पद्धत होती. मी सुरू केलेली नाही, मला ती वारशाने मिळाली. सभा दर महिन्याला झाली पाहिजे, तसं इतिवृत्ताच्या वहीत दिसलं पाहिजे. पण कपाशीच्या दिवसांत सह्यांसाठी वही घेऊन कुठल्या वावरात कोण शोधत फिरणार? म्हणून सह्या आधी, ठराव नंतर. माणूस हाताशी सापडला की कोऱ्या पानाच्या तळाशी सही घेऊन ठेवायची, वरचं सवडीने लिहायचं. हातपंप दुरुस्त करणे, खडू मागवणे, स्वातंत्र्यदिन उत्साहात साजरा करणे. यात कुणाचं काय बिघडतं, असं आम्ही म्हणायचो.

मुलगी चौथीत गेली त्या वर्षी सुंदर शाळेच्या स्पर्धेत आमचा नंबर तालुक्याच्या यादीत लागला. तपासणी समिती श्रावणात येणार होती. माझ्या डोक्यात बक्षीस शिरलं. बदलीच्या अर्जाला त्याचा आधार होईल, वर्तमानपत्रात फोटो येईल, असलं काहीबाही. आणि अंगणात बघावं तर युरियाच्या गोण्यांचा मांडव आणि वर तो दर्प! मी अध्यक्षाला गळ घातली, या वर्षी फांद्या काढू या. तो माझ्यावर चिडला नाही, उलट विनवण्या करायला लागला. "दिवाईलोंग थांबा, सर. पिल्लं उडी जातीन. मंग मी सोता कुऱ्हाड लई येसू." दिवाळीपर्यंत थांबायला मी बरं म्हणालो. खरंच म्हणालो.

आठ दिवसांनी त्याचा मेव्हणा आजारी पडला आणि तो नवापूरकडे बहिणीच्या गावी निघाला. जाण्याआधी सकाळी शाळेत आला, मुलीला वर्गातून बोलावलं, वहीत सही केली. महिन्याची सभा चुकायला नको म्हणून स्वतःहून आला होता. पान अर्थातच कोरं होतं, आणि त्याचं सगळं लक्ष फक्त सहीच्या अक्षरांत.

त्या पानावर मी ठराव लिहिला. विद्यार्थ्यांच्या आरोग्याच्या दृष्टीने अंगणातील चिंचेच्या फांद्या तातडीने तोडण्यात याव्यात, सर्वानुमते मंजूर. ग्रामपंचायतीला त्याची प्रत दिली, रविवारी माणसं लावली. त्याच्याकडे फोन होता. मी केला नाही. पिल्लं आता मोठी झाली असतील, उडतील, असं मी स्वतःला समजावलं. तेव्हाही मला माहीत होतं की तसं नाही.

सोमवारी पोरं आली ती आत यायलाच तयार नव्हती. पडलेल्या फांद्यांत पिसं न फुटलेली पिल्लं माना वर करत होती. जी जिवंत होती ती पोरांनी केळीच्या क्रेटमध्ये उचलून ठेवली. कुणी घरून मासे आणले, कुणी भाकरी कुस्करली. अध्यक्षाची मुलगी एका क्रेटपाशी बसून होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. मी पोरांना ओरडलो, पाढे म्हणायला बसवलं.

तो बुधवारी परतला. फाटकातून थेट माझ्या खोलीत आला, पहिल्यांदाच. ग्रामपंचायतीत जाऊन आला होता. तिथं त्याला सांगितलं होतं, तूच तर सही केली आहेस.

"सर, वाचा बरं जरा."

मी वही काढली आणि वाचून दाखवलं. आवाज माझा, अक्षर माझं. त्याने सहीवर बोट ठेवलं आणि एकेका अक्षरावरून फिरवलं.

"हाई तं मन्हीच सही शे."

"हो."

"मंग मीच हां म्हनेल व्हई." तो माझ्याकडे बघत होता. "मेव्हनाना घोर व्हता डोकामा. मन्हं ध्यान कोठे व्हतं, सर?"

अरे, एवढंच बोलायचं होतं मला: अध्यक्ष, पान कोरं होतं. चार शब्द. मी वही मिटून कपाटात ठेवली. त्याने माझ्यावर वहीम घेतला असता तर मी भांडलो असतो, पद्धत समजावली असती, शेवटी कबूलही झालो असतो. पण सरांनी वहीत लिहिलं ते खोटं असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

मग तो अंगणात गेला. पोरांना जवळ बोलावलं आणि हात जोडले. "पोरेहो, मन्ही चूक व्हयनी. माफ करा." चाळीस पोरांसमोर! मी खिडकीतून बघत होतो. दुसऱ्या दिवशी त्याने अध्यक्षपद सोडलं. मी कागद पुढे केला तर म्हणाला, "आते तुम्ही वाची दखाडा, मंग सही करसू." मी वाचून दाखवला. त्याने मन लावून ऐकला.

स्पर्धेत आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं. पालकसभेला पुन्हा चार माणसं यायला लागली, कारण बांधावरून हाका मारणारं कुणी उरलं नव्हतं. बगळ्यांनी पुढच्या वर्षी आमची चिंच घेतली नाही. परसबाग तणाने भरली, आणि मी बदली घेऊन तळोद्याकडे गेलो.

तीनेक वर्षांनी शहाद्याच्या बसस्थानकावर तो भेटला. वाळला होता. इकडची तिकडची विचारपूस झाली आणि मग त्याने हळूच विचारलं, "सर, ते सहीना टाइमले तुम्ही वाचीसन सांगेल व्हतं ना?" इतक्या दिवसांत तो प्रश्न त्याने सोडला नव्हता. माझी बस लागली होती. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ द्या हो अध्यक्ष. माणूस आहे, चुकतो." मी त्याला क्षमा केली! बसमध्ये बसल्यावर मला स्वतःची लाज वाटली, पण बस काही मी थांबवली नाही. तो खाली उभा राहून हात जोडत होता.

यंदा पोळ्याच्या आधी तो गेल्याचं कळलं. काविळीचं निमित्त झालं. मी त्याच्या घरी गेलो. आता तरी सांगून टाकायचं, बायकोला सांगायचं, मुलीला सांगायचं, असं वाटभर घोकत गेलो. मुलगी नंदुरबारला नर्सिंग शिकते, घरीच होती. तिने चहा आणून दिला आणि समोर बसली. मी म्हणालो, "तुझ्या आप्पांचं एक सांगायचं राहिलंय. तो चिंचेचा ठराव..."

"माहीत आहे, सर," ती म्हणाली. "पान कोरं होतं. मी शेजारीच उभी होते."

मग मी विचारलं, "आप्पांना सांगितलं का नाहीस?"

"मी चौथीत होते, सर. मला तुमची भीती वाटायची." तिच्या आवाजात राग नव्हता. "नंतर मोठी झाले तेव्हा सांगणार होते. पण ते सगळ्यांना सांगायचे, सर मोठ्या मनाचे, एवढी चूक झाली तरी मला एका शब्दाने बोलले नाहीत. मग कसं सांगायचं?"

मी हातातला कप खाली ठेवला. आतून तिच्या आईचा आवाज आला, "पोरी, सरले आखो चहा दे."