भरमाप्पांच्या अकरा टाक्या

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत फायबरच्या टाक्या बनवणाऱ्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. भरमाप्पा तिथे तयार टाक्या तपासायचे. गडहिंग्लजकडचे, माझ्याहून थोडे लहान, अबोल. त्यांच्याबद्दल कुणीतरी नीट लिहायला हवं होतं. कुणी लिहिलं नाही, म्हणून जमेल तसं मी लिहितो आहे.

आमच्या टाक्यांत ॲसिड भरतात. काचेच्या धाग्यांचं कापड साच्यावर अंथरायचं, रेझिन नावाचा चिकट द्रव लावायचा, रोलर फिरवून हवा काढायची आणि वर पुन्हा कापड. असे आठ-दहा थर. नव्या माणसाला भरमाप्पा वही दाखवून सांगत, "ही वाकती का न्हाय? आता हीच पानं एकमेकाला चिकटीव. पाट हुतोय. ताकद धाग्यात हाय, पण थर सुटलं की पाटाची परत वही."

टाकीला झाकणाचं भोक पाडताना निघालेला तुकडा प्रयोगशाळेत जातो. तिथलं मशीन तो ओढून तोडतं आणि किती ओढ सोसली ते कळवतं. पण ते त्या तुकड्यापुरतं. बाकीच्या भिंतीत हवा अडकली आहे का, हे भरमाप्पा रुपयाचं नाणं वाजवून सांगायचे. थर घट्ट असले तर टण्ण, सुटलेले असले तर बद्द. त्यांनी खडूनं खूण केली की टाकी गाडीवर चढायची. इंजिनिअर विश्वजित पाटील तरुण आणि हुशार, पण त्या खुणेवर तेही बोट ठेवत नसत.

यंदाच्या उन्हाळ्यात एक ट्रक हॉर्न देत मागे येत होता आणि भरमाप्पा त्याच्या वाटेत उभेच. मी धावत जाऊन त्यांना ओढलं, स्टोअरमध्ये बसवलं.

"ऐकू येत न्हाय," ते म्हणाले. "डावा पार गेला. उजव्यात नुसती शिट्टी वाजती."

मी कानाशी ओरडून विचारलं, "कधीपासनं?"

"वर्स झालं. घरात रत्नव्वाला बी सांगितलं न्हाय. तिला वाटतंय मी रुसलोय."

"मग टाक्या कशा तपासता?"

त्यांनी डावा तळवा टेबलावर पसरला. "नाणं मारलं की भिंत थरथरती. बोटाला कळतंय." मग म्हणाले, "कळतंय असं वाटतंय."

हे सांगितलं तर जायचं कुठं, हा त्यांचा प्रश्न होता. रेझिननं अंगावर पुरळ उठायचं म्हणूनच त्यांना तपासणीला घेतलं होतं. निवृत्तीला दोन वर्षं होती आणि दुसरी जागा नव्हती. त्यांना गप्प बसण्यावाचून वाट दिसत नव्हती, आणि मलाही दिसली नाही. मीच त्यांचा कान झालो. ते नाणं वाजवायचे, मी हातात कागद धरून पलीकडे उभा राहायचो. आवाज चांगला असला की मान हलवायची.

चार टाक्या अशा गेल्या. पाचवीच्या बुडाशी एका जागी मला आवाज कळेना. चांगला म्हणावा तर नाही, वाईट म्हणावा तर तसाही नाही. भरमाप्पा माझ्याकडे बघत राहिले. तेवढ्यात गुंडू हेल्पर ओरडला, "अण्णा, रुपया घासून आठ आणं झाला की! सोडा आता!" सगळे हसले. मी मान हलवली. त्यांनी खूण केली.

सकाळी टाकी गाडीवर चढली, दोर आवळायला सुरुवात झाली. तेव्हा मला राहवलं नाही. भरमाप्पांना बाजूला घेऊन म्हणालो, "काल मला नक्की कळलं नव्हतं. आपण दोघं परत बघूया."

ते म्हणाले, "तुमाला कळंना, मला ऐकू येईना. दोघं मिळून काय बघणार?"

आणि सरळ विश्वजितांकडे गेले. "सायेब, मी बहिरा झालोय. ही टाकी तुमी वाजवा."

"सकाळी सकाळी चेष्टा व्हय, अण्णा?" विश्वजित हसले. भरमाप्पा हसले नाहीत. मग विश्वजितांनी नाणं घेतलं. बुडाशी तळहाताएवढी जागा बद्द वाजली. टाकी खाली उतरवली.

मालकांनी त्यांना काढलं नाही. माझ्याजवळ स्टोअरमध्ये बसवलं. मला वाटलं, सुटलो. भरमाप्पांनी त्याच दुपारी माझ्याकडून, कान गेल्यापासून त्यांनी खूण करून पाठवलेल्या टाक्यांची यादी मागून घेतली. अकरा.

अकराही गिऱ्हाइकांच्या कारखान्यांत ॲसिडनं भरलेल्या होत्या. भरलेली टाकी कुठंही वाजवा, बद्दच वाजते. रिकामी करायची तर त्या कारखान्याचं काम थांबवावं लागतं. विश्वजितांनी मालकांशी भांडून सगळ्यांना पत्रं पाठवायला लावली. एकानं टाकी रिकामी केली. विश्वजित भरमाप्पांना घेऊन गेले, वाजवून बघितली, चांगली निघाली. भरमाप्पांनी त्यांना ती आणखी दोनदा वाजवायला लावली. बाकी दहाजणांनी कळवलं, दिवाळीच्या सुट्टीत बघू.

दिवाळीला अजून तीन महिने आहेत. सुट्टीच्या दिवशी भरमाप्पा एसटीनं त्या दहांपैकी कुठल्यातरी कारखान्याच्या गेटवर जातात. एकदा मीही बरोबर गेलो. वॉचमननं विचारलं, "कुणाकडं काम हाय, पावणं?" भरमाप्पांना ते ऐकू आलं नसावं, पण प्रश्न ठाऊक होता.

"टाकीकडं," ते म्हणाले.

"टाकी कुठं पळून जात न्हाय. घरला जावा."

मी त्यांचा हात धरला. ते गेटच्या गजांमधून आत, शेडकडे बघत होते. शेवटची एसटी पाचला होती. पाचला पाच मिनिटं असताना मी त्यांना ओढतच स्टँडवर नेलं.