बाबांच्या बोलण्यानंतरचं गाणं

मस्कतमध्ये कुरुमच्या ज्या दवाखान्यात मी रिसेप्शनला बसते, तिथे दिवसातून तीनदा तरी ते फ्रेंच गाणं लागतं. कधी बाईच्या आवाजात, कधी नुसतं पियानोवर, एकदा तर अरबीतून. माबेलाच्या घरून येताना गाडीतल्या रेडिओवरही तेच. माझी लेक मराठीत अडखळते, पण शाळेत फ्रेंच शिकते आणि हे गाणं तिला तोंडपाठ. "आई, मीनिंग सांगू तुला?" तिने एकदा विचारलं. मी म्हटलं, "नको गं बाई, मला माहितीये." खरं तर त्यातलं ओ की ठो कळत नाही. माझ्यापुरता त्याचा अर्थ एकच, बाबांचं बोलणं संपलं.

बाबा इथेच मस्कतला हॉटेलच्या लाँड्रीत होते, आम्ही रत्नागिरीकडे गावी. घरी फोन नव्हता, म्हणून ते कॅसेट भरून पाठवायचे. कुणा पाहुण्याने खोलीत सोडलेली फ्रेंच गाण्यांची कॅसेट होती, तिच्यावरच बोलायचे. त्यांचं बोलणं संपलं की खट्ट आवाज यायचा आणि खालचं गाणं अर्ध्यातून सुरू व्हायचं. मला त्या गाण्याचा इतका राग यायचा की सांगता सोय नाही. आई मात्र टेप बंद करायची नाही. न जाणो, त्यांना पुढे आणखी काही आठवलं असेल.

मी आठ वर्षांची असताना बाबा आजारी होऊन परत आले आणि वर्षभरात गेले. चेहरा फोटोत आहे. आवाज कितीही ताण दिला तरी आठवत नाही. त्यांच्याच मस्कतला येऊन मला पंधरा वर्षं झाली, पण अजून कुणी मागून हाक मारली की वाटतं, असाच असेल का?

म्हणून गेल्या महिन्यात आईला ट्रंकेत ती कॅसेट सापडली, तेव्हा माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. सुट्टीवरून येणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर ती मागवली, कुरुमच्या एका दुकानातून पेन ड्राइव्हवर घेतली आणि दुपारी पार्किंगमध्ये गाडीतच लावली.

आधी आई बोलली. तेव्हा लक्षात आलं. आमच्याकडे सगळ्यांचीच तशी रीत होती. कॅसेट एकच, त्यांचं ऐकून झालं की त्याच्यावरच आपलं उत्तर भरायचं आणि मस्कतला जाणाऱ्याच्या हाती द्यायचं. तरी आशा सुटेना. आई मुळात मितभाषी, तिचं लवकर आटपलं तर पुढे बाबांचं थोडंफार उरलेलं असणार.

आईचं खरंच चार मिनिटांत आटपलं. मी आवाज वाढवला.

पुढे मी होते. सात वर्षांची मी, बाबांना पाढे म्हणून दाखवत होते. मग कविता, मग शेळीला पिल्लं झाली ते, मग पुन्हा पाढे. मागून आई दोनदा म्हणाली, "पुरे गं आता." मी कसली ऐकते. "बाबा, आता तेराचा ऐका हं," म्हणत म्हणत पार गाण्यापर्यंत पोचले. बाबांचा एक शब्द शिल्लक ठेवला नाही.

रात्री आईला फोनवर विचारलं, "माझे पाढे ऐकून बाबा काय म्हणाले होते?"

 आई म्हणाली, "ती कॅसेट पाठवायची राहिलीच गं. त्याआधी तेच आले."