लंबकाची पावलं

घड्याळजींचा यंत्रांवर विश्वास होता, पण ज्यांचं पोट उघडून आत बघता येतं अशाच यंत्रांवर. लेकीनं आणलेल्या मनगटी पट्ट्याला एक स्क्रूसुद्धा नव्हता. त्यांनी तो भिंगाखाली उलटासुलटा केला आणि तिथेच त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

लेक म्हाताऱ्या माणसांसाठी असली हुशार यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होती. "बाबा, आठ दिवस मनगटावर बांधा. किती चालता, कुठे पडलात का, एवढंच कळतं."

"कुणाला कळतं?"

"मला."

हीच तर मेख होती! बायको गेल्यावर दोघांत ठरलं होतं: हातपाय धड आहेत तोवर बाबा आपल्या घरात, मग लेकीकडे सातव्या मजल्यावर. आणि वर्षभर घड्याळजींचा उजवा हात थरथरत होता. लेक आली की तो खिशात जाई. आता या घरभेद्यानं चहाडी केली की संपलंच.

ती गेल्यावर त्यांनी पट्टा भिंतीवरच्या घड्याळाच्या लंबकाला, दांडीच्या मध्यावर दोऱ्यानं बांधला. इतका धडधाकट माणूस शोधून सापडला नसता. त्या ओझ्यानं घड्याळ पुढे पळू लागलं, तेही त्यांनी दात-ओठ खाऊन सोसलं.

चौथ्या दिवशी लेक आली. "बसायला वेळ मिळतो का हो तुम्हाला? चार दिवस अखंड चालताय."

"तब्येत ठणठणीत आहे."

तिनं मोबाइलवर वेळ बघितली, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर टाकली. "बाबा, या घरातलं घड्याळ चुकलेलं मी जन्मात बघितलं नाही." आणि सरळ जाऊन तिनं काचेचं दार उघडलं.

"हेर आहे तो!" घड्याळजी भडकले. "माझा हात मोजत असेल!"

"हाताचं त्याला काही कळत नाही. काय झालंय हाताला?"

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. हात खिशातून बाहेर काढावा लागला. लेक त्याच्याकडे बघतच राहिली.

"आणि खरं सांगू? तो पट्टा मला मनगटावर बांधताच आला नाही. पाऊण तास झटलो." जन्मभर केसाएवढ्या स्प्रिंगा बसवत आलेल्या माणसाला हे बोलताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "कुण्या शहाण्यानं काढलंय हे एवढंसं बक्कल?"

"मीच," लेक हळूच म्हणाली. "आमच्या ऑफिसात सगळे तिशीतले. सगळ्यांना पटकन लावता आलं."

घड्याळजींना हसू येत होतं, पण त्यांनी ते दाबलं. "मग आता सातवा मजला?"

"हात थरथरला म्हणून घर सोडायचं, असं ठरवलं ते चुकलंच आपलं. इथेच राहा."

"लिहून देतेस?"

"देते. आधी बक्कल कसं हवं ते कागदावर काढून दाखवा."

त्यांनी पेन्सिल घेतली. रेघ वाकडीतिकडी आली. लेक बघत होती, तरी हात खिशात गेला नाही.