बेनेडिक्टने दिलेले मुनवे

निर्मळच्या बाजूला बेनेडिक्ट तुस्कानोसारखी राजेळी केळी कुणाची नाहीत असं लोक म्हणायचे, आणि बेनेडिक्ट ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. पण ऐकायचा हो, कान टवकारून ऐकायचा! साठी उलटलेला माणूस. रोज संध्याकाळी जपमाळ, मग बायबलचं एक पान मोठ्यानं, आणि रविवारची चर्चमधली मिस्सा कधी चुकली नाही. वाईट मुळीच नव्हे. मानाला हपापलेला, एवढंच.

त्याच्या गावात एक रीत आहे. केळीचे मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटणारी पिलं, विकायची नसतात. शेजाऱ्यानं मागितली की द्यायची. जूनमध्ये चुलतभाऊ रॉबर्टनं मागितले, बेनेडिक्टनं ऐंशी मुनवे दिले. ते खणून काढले जयवंतीनं, आणि रॉबर्टच्या वाडीत लावलेही तिनंच. पाड्यावरची ही बाई वीस वर्षं गावातल्या सगळ्या वाड्यांत राबत आलेली.

ऑगस्टात बेनेडिक्टच्या वाडीच्या एका कोपऱ्यात केळींची पानं आखूड, उभी, झुपक्यानं यायला लागली. पर्णगुच्छ! केळीवाल्याच्या पोटात गोळा आणणारा रोग. औषध नाही, झाड मुळासकट काढायचं, नाहीतर शेजारची झाडंही जातात. आणि मुनवे दिले होते ते नेमके याच कोपऱ्यातले. बेनेडिक्टनं चौदा झाडं उपटली, घरामागे खड्ड्यात पुरली आणि तोंडात मिठाची गुळणी धरली. का? तर ऑक्टोबरातल्या पिकाच्या सणाला केळीचा पहिला लोंगर, म्हणजे अख्खा घड, वेदीपर्यंत न्यायचा मान यंदा त्याचा होता. रोगट वाडीवाल्याला कोण पुढे करणार? सण झाला की सांगू, असं त्यानं ठरवलं. शहाणाच!

रोग काय सणाची वाट बघतो? सप्टेंबरात रॉबर्टची नवी झाडं झुपकली. दादाच्या वाडीवर संशय घ्यायचं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. तो भर रस्त्यात जयवंतीवर उखडला. म्हणाला, चांगले मुनवे परस्पर विकलेस आणि कुठले तरी रोगट आणून लावलेस. बेनेडिक्ट तिथंच उभा होता. रॉबर्टनं त्याला विचारलं, दादा, तुझे मुनवे तर चांगले होते ना? आणि बेनेडिक्ट हो म्हणाला.

झालं. एकानं म्हटलं, दहांनी मानलं. जयवंतीला सगळ्या वाड्यांची दारं बंद झाली. रॉबर्ट दिसेल तेवढंच रोगट झाड काढत राहिला, बाकीची उभी ठेवली, आणि रोग हळूहळू त्याच्या जुन्या बागेत शिरला.

बेनेडिक्टची बायको तेरेसा, तिनं खड्डा पाहिला होता. तिनं वाद घातला नाही. एका संध्याकाळी बायबल वाचताना मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी बेनेडिक्टनं दोन पानं एकदम उलटली, तेव्हा मात्र ती म्हणाली, पान राहिलं तुमचं. तो म्हणाला, डोळे दुखतात. करून करून भागला नि देवपूजेला लागला म्हणतात ना, इथं तर बिचारा देवपूजाही नीट करू शकत नव्हता.

सणाच्या दिवशी चर्च तुडुंब भरलं. आणि फादरनी तेच पान वाचलं. वेदीपाशी दान आणताना आपण भावाचं काही वाईट केलंय असं आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी जा आणि त्याच्याशी समेट कर. हजार माणसांनी ऐकलं. नऊशे नव्व्याण्णवांच्या डोक्यात दुपारच्या जेवणातलं इंद्याल शिजत होतं. एकाच्या हाताला घाम सुटला.

दानाची वेळ झाली. खांद्यावर लोंगर घेऊन बेनेडिक्ट निघाला. ज्या मानासाठी एवढं केलं, तो मान आता गळ्यातल्या लोढण्यासारखा ओढत होता. तिसऱ्या बाकावर रॉबर्ट होता. दादाला बघून त्याचा चेहरा अभिमानानं फुलला, आणि बेनेडिक्टला ते सोसवेना. फादरनी हात पुढे केले होते. त्यानं लोंगर वेदीच्या पायरीवर टेकवला आणि बाजूच्या दारानं बाहेर पडला.

स्कूटर काढून तो थेट पाड्यावर गेला. जयवंती अंगणात चुलीसाठी फाटी तोडत होती. त्यानं उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. वाटलं, ती रडेल, शिव्या देईल, नाहीतर माफ तरी करील.

जयवंतीनं कोयता खाली ठेवला. "मना ठावं हाय, काका. तुमच्या कोपऱ्यातून मीच खनले. तिथली झाडं गायब झाली, मना दिसलं नाय का?"

"मग बोलली का नाहीस?"

"कोनी ऐकला असता?" ती म्हणाली. "माझं नाव हितं नाय गेलं. तिकडं गेलं. तिकडं सांगा."

आता चर्चपर्यंतचा रस्ता त्याला संपू नये असं वाटत होतं. मिस्सा सुटली होती, अख्खा गाव मैदानात चहा पीत होता. रॉबर्ट पाण्याचा ग्लास घेऊन धावतच आला. विचारत होता, दादा, चक्कर आली का? किती सोपी सुटका! नुसती मान हलवायची होती. तेरेसा दोन हातांच्या अंतरावर उभी राहून बघत होती.

"चक्कर नाही," बेनेडिक्ट म्हणाला. "रॉबर्ट, रोग माझ्या वाडीतला. मी दिलेल्या मुनव्यांतून आला. जयवंतीनं काही केलेलं नाही."

भोवतीची माणसं जवळ सरकली. रॉबर्टला आधी समजलंच नाही. मग त्यानं विचारलं, "तुला कधी कळलं?"

काल, म्हटलं असतं तर चाललं असतं. कोण तपासायला जाणार होतं?

"गणपतीच्या आधी."

रॉबर्टनं मनातल्या मनात हिशेब केला. "तेव्हा नवी ऐंशीच काढावी लागली असती," तो म्हणाला. मग पाण्याचा ग्लास न देताच वळला आणि फाटकाबाहेर निघून गेला.

त्याच्यामागे जावं असं बेनेडिक्टला फार वाटलं. पण मागे उभे असलेले लोक काय झालं, काय झालं विचारत होते, त्यांना ऐकू गेलं नव्हतं. तो चर्चच्या पायरीवर चढला आणि जयवंतीचं नाव घेऊन त्यानं सगळं पहिल्यापासून पुन्हा मोठ्यानं सांगितलं.