पुलापाशी बांधलेले घोडे

काल सांगलीच्या ताईंनी मला त्यांचा घोडा देऊन टाकला. खरा नव्हे, मोबाइलवरच्या खेळातला. त्या खेळात आमचं एक गाव आहे. तिथे शेती करायची, मासे पकडायचे आणि मग तळ्याकाठी बसून गप्पा मारायच्या. नव्या अपडेटमध्ये कंपनीने तळं बुजवून दुकान उघडलं. शिवाय पूल ओलांडताना खेळ अडकतो. तक्रार केली की "आम्ही लक्ष घालत आहोत" असं उत्तर येतं. तेवढं मात्र लगेच येतं.

सोडून जाणाऱ्याने आपलं सामान पुलापाशी वाटून टाकायचं, अशी आमच्यात रीत आहे. ताईंना मी फक्त आवाजाने ओळखते.

"थांबा की थोडं ताई, करतील दुरुस्त."

"करतील गं. पण मला आता वाट बघायचाच कंटाळा आलाय."

आवाजात राग अजिबात नव्हता. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका सोसायटीच्या प्रत्येक सभेत गळक्या टाकीवरून भांडायचे. मग एका सभेत ते गप्प बसले, आणि आम्हाला वाटलं, निवळले. थोड्याच दिवसांत त्यांचं सामान टेम्पोत चढत होतं. भांडणाऱ्याला अजून तिथेच राहायचं असतं, हे आम्हाला तो टेम्पो बघून कळलं.

आता पुलापाशी सगळ्यांचे घोडे माझ्याच नावावर उभे आहेत. तळं नाही, तरी मासे पकडायची जाळी आहेत. कंटाळा मलाही आलाय. पण माझं सामान घ्यायला तिथे कुणी उरलेलं नाही.