ढगातला लॅपटॉप आणि मुकुटबनचं गाणं

"मॅडम, यात काहीच नसतं!" यवतमाळच्या दुकानातला विक्रेता हे इतक्या अभिमानानं म्हणाला, की क्षणभर मला तो प्रामाणिक माणूस वाटला. मग कळलं, हे गुणवर्णन होतं. या लॅपटॉपमध्ये प्रोग्रॅम टाकायचे नाहीत, फायली साठवायच्या नाहीत. झाकण उघडायचं, ब्राउझर सुरू करायचा आणि सगळं इंटरनेटवर करायचं. फोटो ढगात, कागदपत्रं ढगात. किंमत मात्र जमिनीवरची, साध्या लॅपटॉपच्या निम्मी. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते, सुट्ट्यांत भटकते आणि या ब्लॉगवर लिहिते. माझा जुना लॅपटॉप उचलायला आताशा हमाल लागतो. म्हणून घेतला.

परीक्षा घ्यायला प्रवासही समोर होता. माझी मैत्रीण नंदा कळंबला नर्स आहे, माहेर मुकुटबनचं. तिचे वडील एसटीत ड्रायव्हर आणि सुट्टीच्या दिवशी गायन पार्टीत गायक. गावोगावी भीमगीतं गायचे. गेल्या वर्षी ते गेले, आणि आता पहिल्या स्मृतिदिनाचं पुण्यानुमोदन होतं. त्यांच्या गाण्याचा एकच व्हिडिओ. तो नंदाच्या भावानं, पुण्याच्या सुधीरनं, ढगात चढवून ठेवलेला. "ताई, तुमचा नवा लॅपटॉप आणा, आपण टीव्हीला जोडू. माझा ऑफिसचा आहे, त्यावर घरचं काही चालत नाही," असा त्याचा फोन आला. निमंत्रण मला होतं की लॅपटॉपला, हे मी विचारलं नाही.

डिसेंबरातली गार सकाळ. यवतमाळहून कळंब अर्ध्या तासाचं, रस्ता सरळ आणि चांगला. नंदाची ड्युटी संपायची होती, म्हणून मी चिंतामणीच्या पायऱ्या उतरून दर्शन घेतलं आणि देवळाबाहेरच्या हॉटेलात बसले. आलुबोंडा, त्यावर तर्री, आणि टेबलावर लॅपटॉप. खोटं कशाला बोलू, मी प्रेमात पडले. झाकण पूर्ण वर जायच्या आत पडदा उजळतो. पंखा नाही, घरघर नाही, मांडी भाजत नाही. अपडेट करायचंय म्हणून तो ऐन कामात रुसून बसत नाही. हॉटेलमालकानं तो एका हातानं उचलून पाहिला.

"हलका हाये. आत काय काय येते जी?"

"आत काही नाही काका. सगळं इंटरनेटवर."

"अन् इंटरनेट नसलं तं?"

"असतंच की आता सगळीकडे."

ते हसले नाहीत. आणखी तर्री वाढून गेले.

नंदा आली आणि आम्ही राळेगाव, वडकी करत मोठ्या महामार्गाला लागलो. वडकीपर्यंत रस्त्यावर कापसाचे टेम्पो. मागून चालवाल तर काचेवर बर्फ पडल्यासारखा कापूस येतो. महामार्गावर टोल आहे, पण गाडी नुसती वाहते. पांढरकवड्याला जेवून घ्या, पुढे चांगलं हॉटेल मिळेलच असं नाही. आम्ही वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकर खाल्ली, दोघींचं मिळून शहरातल्या एका कॉफीएवढं बिल झालं. पांढरकवडा सोडलं की जंगल सुरू होतं, वाघाच्या पाट्या दिसतात, आणि फोनवरच्या नेटवर्कच्या रेघा एकेक करून गळतात. त्याकडे मी बघितलं नाही. मी वाघ बघत होते. तोही नव्हता.

मुकुटबनला पोचलो तेव्हा सुधीर अंगणात उभा राहून कुणाला तरी फोनवर झापत होता. म्हणजे झापायचा प्रयत्न करत होता. रस्ता रुंद करायला खणलं होतं आणि खणताना केबल तुटली होती. गावात नेट नाही, फोन कसाबसा. "सकाळपर्यंत येईल," तो म्हणाला. पुण्याच्या माणसाची ही श्रद्धा मला नेहमीच हलवून टाकते.

सकाळी आलं नाही. घरापुढच्या मांडवात पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसली, वंदना झाली, गाथा झाल्या. टीव्ही जोडलेला, शेजारी माझा नवाकोरा लॅपटॉप. सुधीरनं माईक घेतला. "आता बाबांचा आवाज ऐकू." त्यानं झाकण उघडलं. पडदा लगेच उजळला, त्यात कसूर नाही. त्यावर लिहून आलं, तुम्ही इंटरनेटशी जोडलेले नाही.

सुधीरनं वायर काढली, घातली. लॅपटॉप बंद केला, सुरू केला. तो इतक्या वेगानं सुरू झाला, की तेच वाक्य आम्हाला चारदा वाचायला मिळालं.

"तुझ्या फोनमधे होता ना मूळ व्हिडिओ?" त्यानं नंदाला विचारलं.

"तूच डिलीट करायला लावला. जागा खातो म्हणे. ढगात सेफ आहे म्हणे."

"सेफच आहे!"

"असा सेफ हाये का मालकालेच सापडून नाही राह्यला," पहिल्या रांगेतून आवाज आला. ती नंदाची आई. ऐंशीला टेकलेली, जीभ मात्र ताजी. "काय गा सुधीर, तुह्या बापाले त्या ढगात कोंडून ठेवलं, अन् चावी पुण्याले ठेवून आला काय?"

मांडवात हशा पिकला. सुधीर लाल झाला. मग पार्टीतले जुने सोबती देवराव काका ढोलकी ओढून उठले. "वहिनी, मी म्हणतो त्याचं गाणं."

"बस खाली. तो बेसूर होता, तू त्याच्यापक्षा बेसूर."

"आई!" नंदा दटावून म्हणाली.

"काहून? खरं हाये ते. आवाज मोठा होता, सूर नोयता. अन् दुसरा अंतरा तं त्याले कधीच आठवे नाही. तिथं आला का थांबे, अन् बायायच्या रांगेत पाहे. मी तिथं बसलेली राहो. मी ओठ हालवो, का मग तो म्हणे. चाळीस वर्षं लोकायले वाटे, गाणं त्याचं हाये."

देवराव काकांनी खाली मान घालून हळूच ठेका धरला. आईनं दुसरा अंतरा बसल्याजागी म्हटला. आवाज चिरका होता, पण शब्द एकही अडला नाही. नंदा रडत होती. सुधीर माईक हातात धरून उभाच होता. तो आईसमोर न्यावा, हे त्याला अंतरा संपल्यावर सुचलं.

जेवणं झाल्यावर तो म्हणाला, "संध्याकाळपर्यंत नेट येईल, मग बघू."

"नेटाची वाट कायले पाहू? नेटापाशी चाल," आई म्हणाली आणि माझ्या गाडीत पुढे जाऊन बसली. नंदा मागे, सुधीर त्याच्या गाडीनं आमच्या मागून. पांढरकवड्याच्या अलीकडे एका ढाब्यापाशी फोनला रेघा आल्या. मी फोनचं नेट लॅपटॉपला दिलं आणि खाटेवर ट्रकवाल्यांच्या शेजारी व्हिडिओ लावला. बाबा दिसले. खरोखर बेसूर. पहिला अंतरा दणक्यात गेला, मग ते थांबले, मान वळवून कॅमेऱ्याबाहेर बघू लागले. आणि बाहेरून एका बाईचा दबका आवाज आला, ओळ सांगणारा. लगेच बाबा खुलले आणि गाऊ लागले.

हा व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी कितीदा तरी पाहिला होता. तो आवाज कुणीच ऐकला नव्हता.

आईनं पदरानं डोळे पुसले. "दिसला ना? थांबला ना?" ती म्हणाली. "मी लबाड बोलून नोयती राह्यली."



आता घरी येऊन आठवडा झाला. घ्यावा का, असं विचारणाऱ्यांसाठी माझा हिशेब असा. टायपिंग, मेल, ब्लॉग, मुलांचा अभ्यास एवढंच असेल आणि घरात पक्कं नेट असेल, तर खुशाल घ्या. बॅटरी दिवसभर पुरते, खांदा दुखत नाही, व्हायरसची भीती कमी. मोठे व्हिडिओ कापायचे असतील किंवा ऑफिसातलं एखादं खास सॉफ्टवेअर लागत असेल, तर वाटेला जाऊ नका. आणि मुकुटबन, झरी जामणीकडे निघणार असाल तर निघण्यापूर्वी लागणाऱ्या फायली ऑफलाईन उतरवून घ्या. तशी सोय यात असते. दुकानदार ती सांगत नाही, कारण मग "यात काहीच नसतं" म्हणता येत नाही. माझ्यासारख्या शहाण्या गिऱ्हाइकाला ती घरी परतल्यावर सापडते.

मी लॅपटॉप ठेवून घेतलाय. हा लेख त्यावरच लिहिला. काल नंदाचा फोन आला. सुधीरनं आईसाठी ढगात आणखी जागा विकत घेतली म्हणे. आई त्याला म्हणाली, "त्या जागेत तूच राह्य बाप्पा. मले गाणं पाठ हाये."