पाहुणीचं ताट

आमच्या फिरत्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई परमुलखातल्या. नाडी बघण्याआधी त्या विचारतात, "काल काय खाल्लंस?" आणि उत्तर ऐकून भडकतात.

परवा जतकडच्या एका वस्तीवर एका घरातल्या सासूने त्यांच्यापुढे मटणाचं ताट वाढलं. गरोदर सून चुलीपाशी उभी होती, पांढरीफटक.

"तू जेवलीस?"

"समद्यांचं झालं की जेवंन."

बाईंनी ताट उचलून तिच्यापुढे आदळलं.

सासू कडाडली, "आवं, पावण्याचं ताट हाय त्ये!"

"इतकी वर्षं येते, अजून पाहुणीच? घरातली समजा, आणि मला हिच्यानंतर वाढा. हिच्या अंगात रक्त नाही!"

सून सासूकडे बघत राहिली. बाई हलेनात. मला पुढच्या वस्त्या गाठायच्या होत्या, तरी नर्स म्हणून मीही तिथंच ठाण मांडलं.

शेवटी सासूच सुनेवर खेकसली, "खा की गं बिगीबिगी! तुझ्यापायी डाक्टरबाई उपाशी बसल्यात."